छेद गेला कुठे?

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण तिची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली.

आमची थोरली सहावीत आहे. बव्हेरियात गुमनाजियुमच्या सहावीत वर्षाचा बराचसा वेळ अपूर्णांक आणि दशांश यांच्यात जातो. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली. गणित होतं, मिश्र संख्येचं दशांशात रूपांतर करा. आपण शाळेत ज्याला 'पूर्णांकयुक्त अपूर्णांक' म्हणायचो, तोच हा प्रकार. संख्या होती दोन पूर्णांक तीन चतुर्थांश, आणि तिनं उत्तर लिहिलं होतं २,३४. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. तिचा विचार सरळ होता: दोन दिसले ते दोन लिहिले, मग स्वल्पविराम, मग उरलेले तीन आणि चार.

मी आयटी सल्लागार, वर एमबीएसुद्धा. आकडे हे माझं रोजचं काम. मी रुबाबात सांगितलं, "अंशाला छेदानं भाग. तीन भागिले चार." तिनं भागाकार केला, ०,७५ आलं, २,७५ लिहिलं, उत्तर बरोबर. मी उठणार एवढ्यात ती म्हणाली, "बाबा, पण चार गेला कुठे? आधी तीन आणि चार होते, आता सात आणि पाच आहेत. छेद गेला कुठे?"

मला लगेच सांगता येईना. रीत माहीत होती, पण रीत म्हणजे उत्तर नव्हे. शेवटी आपण सगळे करतो तेच केलं. साताऱ्याला आजीला व्हिडिओ कॉल लावला.

आजीनं वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली आणि म्हणाली, "अगं, हे तर पावणेतीन! तीनाला पाव कमी. रुपयाचा पाव म्हणजे पंचवीस पैसे. मग पावणेतीन रुपये म्हणजे किती?" लेक क्षणभर गप्प राहिली. मग ओरडलीच, "ड्रायफिअर्टल ड्राय!"

आता हे काय, ते सांगतो. आमच्या भागात दुपारचे पावणेतीन वाजले, की लोक 'ड्रायफिअर्टल ड्राय' म्हणतात. शब्दशः 'पाऊण तीन'. तिसऱ्या तासाचा पाऊण भाग झाला, असा त्याचा अर्थ. 'हाल्ब ड्राय' म्हणजे अडीच. इथे नवीन आलेला मराठी माणूस 'हाल्ब ड्राय' ऐकून साडेतीन समजतो आणि एक तास उशिरा पोहोचतो. माझंही पहिल्या वर्षी तसं झालं होतं. पण त्या संध्याकाळी प्रथमच लक्षात आलं, की हा सगळा गोंधळ आपल्याला परका नाहीच. तो आपल्याच घरातला आहे.

बघा ना, 'अडीच' हा शब्द कुठून आला? संस्कृतात 'अर्धतृतीय', म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे असं. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. प्राकृतात त्याचं 'अड्ढाइज्ज' झालं आणि मराठीत अडीच. 'दीड' हा 'द्व्यर्ध', म्हणजे दुसरा अर्धा. संतांच्या वाणीत माणसाच्या देहाला 'औट हात' म्हणतात, तो औट म्हणजे 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा, साडेतीन. आणि जर्मनमध्ये? दीडला आजही 'आन्डर्टहाल्ब' म्हणतात, म्हणजे 'दुसरा अर्धा'. जुन्या जर्मनमध्ये अडीचला 'ड्रिटहाल्ब' होतं, 'तिसरा अर्धा', आणि साडेतीनला 'फिअर्टहाल्ब', 'चौथा अर्धा'. प्राचीन रोमचं 'सेस्टर्शियस' नावाचं नाणं सुरुवातीला अडीच 'आस' किमतीचं होतं. त्याचं नावही 'सेमिस तेर्तियुस', म्हणजे तिसरा अर्धा, यावरूनच पडलं. मोजायची ही तऱ्हा गोदावरीकाठी होती, टायबरकाठी होती आणि आमच्या डॅन्यूबकाठीही होती.

म्हणजे लेकीनं विचारलेला छेद या शब्दांमध्येच बसलेला होता. पाव, अर्धा, पाऊण हे शब्दच छेद सांगतात. आकड्यात लिहायला गेल्यावर तो नाहीसा होतो. का होतो, आणि कोणी केला, हे शोधायला आम्हाला फार लांब जावं लागलं नाही. रविवारी आम्ही आमच्याच गावात फिरायला निघालो.

रेगेन्सबर्गच्या जुन्या नगरभवनाच्या दरवाज्याशी भिंतीवर तीन लोखंडी मापं बसवलेली आहेत. एक 'शू', म्हणजे पाऊल. दुसरं 'एले', कापड मोजायचा हात. तिसरं 'क्लाफ्टर', दोन्ही हात पसरल्यावर होणारी वाव. गावात आलेल्या कोणत्याही व्यापाऱ्यानं कापड कमी दिलंय असा संशय आला, तर गिऱ्हाइकानं इथं यावं आणि मोजून पाहावं, अशी ती सोय. तीनही मापं माणसाच्या अंगावरून घेतलेली, आणि त्यांचे भाग करायचे तर सर्वांत सोपी रीत म्हणजे दुमडणं. दोरी एकदा दुमडली की अर्धा, पुन्हा दुमडली की पाव, आणखी एकदा की अर्धपाव. दोरीचे दहा समान भाग डोळ्यांनी करून बघा, मग कळेल जुनी माणसं पाव-निमकीत का रमली. लेकीनं बुटाची लेस काढून तिथेच करून पाहिलं. आठ भाग क्षणात झाले, दहा काही झाले नाहीत.

पैशांचंही तसंच. दक्षिण जर्मनीत एका गुल्डनचे ६० क्रॉयत्सर आणि एका क्रॉयत्सरचे ४ फेनिग. आपल्याकडे एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याचे ४ पैसे, एका पैशाच्या ३ पया. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पया. आजच्या मुलांना हे आकडे वेडगळ वाटतात, पण त्यांत एक शहाणपण आहे. ६० ला दोन, तीन, चार, पाच, सहा या सगळ्यांनी भाग जातो. १९२ ला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा यांनी भाग जातो. तीन भावांत गुल्डन वाटला तर प्रत्येकी वीस क्रॉयत्सर. तीन भावांत रुपया वाटला तर प्रत्येकी पाच आणे चार पया. शंभर पैशांचा रुपया तीन भावांत वाटून दाखवा!

पण दोन वेगळ्या गावांची मापं आणि नाणी समोरासमोर आली, की अपूर्णांकांचा गुंता व्हायचा. रेगेन्सबर्ग हे व्यापाराचं गाव. इथला दगडी पूल बाराव्या शतकातला, त्यावरून माल जायचा यायचा. तेव्हा हिशेबात मदत लागणारच. ती मदत इथल्याच एका भिक्षूनं लिहून ठेवली.

आज जिथे थुर्न उन्ट टाक्सिस घराण्याचा राजवाडा आहे, तिथे पूर्वी सांक्ट एमेराम नावाचा मठ होता. पंधराव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या फ्रिडेरिकुस नावाच्या भिक्षूनं अंकगणिताचा एक मोठा संग्रह केला. 'आल्गोरिस्मुस रातिस्बोनेन्सिस' या नावानं तो ओळखला जातो. रातिस्बोना हे आमच्या गावाचं लॅटिन नाव. कुर्ट फोगेल या गणिताच्या इतिहासकारानं त्यातला व्यवहारी गणितांचा भाग १९५४ मध्ये छापून प्रसिद्ध केला. त्यात लॅटिनच्या जोडीला चक्क जर्मन भाषेतली गणितं आहेत: माल, भागीदारी, नाण्यांची अदलाबदल. पंडितांची भाषा सोडून बाजारातल्या माणसाला कळेल अशा भाषेत गणित सांगणाऱ्या जर्मनमधल्या सर्वांत जुन्या लिखाणांत त्याची गणना होते.

नावातला 'आल्गोरिस्मुस' हा शब्द आम्हा संगणकवाल्यांचा रोजचा. तो नवव्या शतकातल्या बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीच्या नावावरून आला, आणि त्यानं ज्या अंकांवर पुस्तक लिहिलं ते अंक हिंदुस्थानातले. या भिक्षूच्या संग्रहात जी रीत पुन्हा पुन्हा येते, ती 'रेगुला दे त्री', तीन राशींचा नियम. आपलं त्रैराशिक! 'पाच एले कापडाला इतके, तर सात एलेला किती?' ही रीत भारतात फार जुनी. अरबी ग्रंथांमार्फत ती युरोपात पोहोचली. म्हणजे सांक्ट एमेरामच्या त्या कोठडीत आपलं काहीतरी आधीच येऊन बसलं होतं.

त्रैराशिकाचं नाव निघालं की मराठी माणसाला भास्कराचार्य आठवणारच. तेव्हा थोडा वेळ डॅन्यूब सोडून जळगाव जिल्ह्यात जाऊ या. चाळीसगावजवळ पाटणे नावाचं गाव आहे, पाटणादेवीचं. तिथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याची ती नोंद. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारातल्या विक्रीवरचा राजाचा वाटा मठाला दिल्याचं त्यात म्हटलंय. बाजारातल्या पै-पैशावर गणिताची शाळा चालली, असं म्हणायला हरकत नाही.

भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली ११५० साली. ग्रंथाच्या आरंभीच नाण्यांचं कोष्टक आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. सोळा आणे कुठून आले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. पुढे अपूर्णांकांचे प्रकार आहेत. त्यांत पूर्णांकाला अपूर्णांक जोडला की 'भागानुबंध' आणि वजा केला की 'भागापवाह'. भास्कराचार्यांनी उदाहरण काय घेतलंय ऐका: दोनात पाव मिळवला आणि तीनातून पाव काढला तर काय होईल? म्हणजे सव्वादोन आणि पावणेतीन! पूर्णांकाला छेदानं गुणा, अंश मिळवा किंवा वजा करा. उत्तर नऊ चतुर्थांश आणि अकरा चतुर्थांश. आमच्या लेकीच्या वहीतलं गणित साडेआठशेहून अधिक वर्षं आधी महाराष्ट्रात कुणीतरी सोडवत बसलं होतं.

पण एक गोष्ट तिथे नाही. ज्या देशात एकं-दहं-शतं ही स्थानांची पद्धत जन्मली, तिथे ती पद्धत एककाच्या उजवीकडे सरकली नाही. अकरा चतुर्थांशावर गणित थांबलं. गरजच नव्हती. कापड, धान्य, नाणी सगळं पाव आणि सोळाव्या भागांत होतं. आपल्या मोडीतल्या आणि देवनागरीतल्या जमाखर्चात तर पावासाठी स्वतंत्र खूण होती, एक उभी रेघ. '१।' म्हणजे सव्वा, '१॥' म्हणजे दीड, '१॥।' म्हणजे पावणेदोन. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची जुनी वही असेल तर काढून बघा. अंकामागच्या त्या रेघा दंड नव्हेत, ते पाव आहेत.

छेद खरा नाहीसा झाला तो गणिताला वेगळ्याच कामाची घाई झाल्यावर. आकाशातले ग्रह मोजणाऱ्यांना आणि व्याजाची कोष्टकं करणाऱ्यांना पाव-निमकी पुरेना. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला समरकंदला अल्-काशीनं दशांश अपूर्णांक वापरले. १५८५ मध्ये सिमोन स्टेव्हिननं डच भाषेत 'द तिंदे', म्हणजे 'दशमांश', ही छोटी पुस्तिका छापली. ती त्यानं ज्योतिषी, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, पिंपं मोजणारे, टांकसाळीवाले आणि व्यापारी यांना उद्देशून लिहिली. सगळे छेद दहा, शंभर, हजार असेच ठेवले तर ते लिहायची गरजच नाही, आणि बेरीज-गुणाकार पूर्णांकांसारखेच होतात, ही त्यातली युक्ती. नाणी आणि मापंही दशमान करावीत, असं त्यानं तेव्हाच सुचवलं.

आणि इथे आम्ही पुन्हा आमच्या गावात येतो. नगरभवनापासून चार पावलांवर केप्लरस्ट्रास आहे. त्या रस्त्यावरच्या पाच नंबरच्या घरात १५ नोव्हेंबर १६३० रोजी योहानेस केप्लर वारला. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा हा माणूस थकलेली रक्कम मिळवण्याच्या खटपटीत, राजेलोकांची सभा भरली होती म्हणून थंडीतून घोड्यावर बसून रेगेन्सबर्गला आला, आजारी पडला आणि इथेच गेला. त्याला गावाबाहेर पुरलं, पण पुढच्या युद्धाच्या धामधुमीत ते थडगंही उरलं नाही. आता तिथे जवळच एक स्मारक आहे, आणि त्या घरात छोटं संग्रहालय.

केप्लरनं १६१६ मध्ये लिंत्सला एक पुस्तक छापलं. दारूच्या पिंपात किती माल मावतो, हे मोजायच्या रीती त्यात आहेत. आदल्याच वर्षी त्यानं त्या विषयावर लॅटिन ग्रंथ लिहिला होता, पण हे पुस्तक साध्या लोकांसाठी जर्मनमध्ये होतं. त्यात तो वाचकाला सांगतो, की पूर्णांकानंतर मी एक अर्धा कंस घालीन. त्यानंतरचे अंक हे अंश समजा. छेद मी लिहिणार नाही, पण तो आहे: कंसानंतर जितके अंक, तितकी शून्यं एकावर द्या, तोच छेद. म्हणजे तीन पूर्णांक पासष्ट शतांश तो लिहितो ३(६५ असे. त्याची सहापट २१(९०. आणि प्रामाणिकपणे हेही सांगतो, की ही युक्ती माझी नाही, योस्ट ब्युर्गीची आहे. हा ब्युर्गी स्वित्झर्लंडचा, घड्याळं बनवणारा. प्राग शहरात तो केप्लरचा सहकारी होता.

केप्लरच्या घरासमोर उभं राहून मी लेकीला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर या माणसानं चारशे वर्षांपूर्वी छापलंय. छेद कुठे गेला नाही. तो स्वल्पविरामानंतरच्या अंकांच्या संख्येत लपलाय." दोन पूर्णांक तीन चतुर्थांश. चाराचे शंभर करायचे तर पंचवीसनं गुणा. खाली चाराचे शंभर झाले, म्हणून वर तीनाचे पंचाहत्तर. शंभर लिहायची गरज नाही, कारण दोन अंक दिसले की शंभर कळतातच. ती थोडा वेळ बोटांवर काहीतरी करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझं २,३४ हे दोन पूर्णांक चौतीस शतांश झालं असतं." हे तिला कळलं, आणि खरं सांगतो, मलाही तेव्हाच नीट कळलं. भागाकार ही फक्त वाट आहे. खरं काम आहे छेद बदलण्याचं.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांचे छेद शंभर करता येतात का? नाही येत, आणि त्याचा फटका दोन्ही देशांनी खाल्लाय.

१ जानेवारी १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात मार्क हेच चलन झालं, एका मार्कचे १०० फेनिग. बव्हेरियाचा गुल्डन गेला. बदलीचा दर होता ७ गुल्डनला १२ मार्क. म्हणजे एका गुल्डनला एक पूर्णांक पाच सप्तमांश मार्क. करा दशांश: १,७१४२८५, आणि पुन्हा ७१४२८५, आणि पुन्हा तेच, अंत नाही. साताचा छेद किती शून्यं लावली तरी दहाच्या घरात बसत नाही. कारण सोपं आहे. दहा म्हणजे दोन गुणिले पाच. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिल्यावर छेदात दोन आणि पाच सोडून दुसरा मूळ अवयव असला, तर दशांश संपतच नाही. आठ असेल तर संपतो, वीस असेल तर संपतो. तीन, सहा, सात असेल तर नाही. मुलांना शिकवताना आधी एवढं तपासायला सांगा, भागाकार करत बसण्याचे निम्मे कष्ट वाचतील.

आपल्याकडे तो दिवस आला १ एप्रिल १९५७ ला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माझी आई तेव्हा प्राथमिक शाळेत होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वासहा पैशांचं नाणं कुठून आणणार? म्हणून कोष्टक ठरलं: एक आणा सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. आई आजही सांगते, एकेका आण्याची चार बोरकुटाची पुडकी वेगवेगळी घेतली तर चोवीस पैसे, आणि एकदम घेतली तर पंचवीस! तो एक पैसा वाचवायला पोरं दुकानात चारदा जायची आणि दुकानदार ओरडायचा. आम्हाला वाटायचं, आई गंमत करते. पण कोष्टक तेच सांगतं.

त्याच सुमारास वजनं-मापंही दशमान होऊ लागली आणि शाळेतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे हळूहळू गेले. आईच्या पिढीनं ते घोकले, माझ्या पिढीनं आजोबांच्या तोंडून ऐकले, आमच्या मुलांना नावंही माहीत नाहीत. बोलण्यात मात्र ते उरलेत. 'बात सोळा आणे खरी' म्हणतो, 'शंभर पैसे खरी' कोणी म्हणत नाही. मुहूर्त साडेतीनच, शक्तिपीठं साडेतीनच. पेशवाईतले साडेतीन शहाणे, त्यातले नाना फडणवीस अर्धे. 'तीन पूर्णांक पाच दशांश शहाणे' म्हणून बघा बरं!

आणि एक मौज सांगतो, माझ्या धंद्यातली. संगणक आतून दोनाच्या पायावर मोजतो. त्याला अर्धा, पाव, पाऊण, सोळावा, चौसष्टावा भाग हे सगळे अगदी अचूक साठवता येतात. एक दशांश मात्र नाही येत. तो त्याच्या लेखी कधीच न संपणारा. म्हणून बऱ्याच संगणकभाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज केली, तर ०.३ च्या शेपटीला खूप दूरवर एक चार चिकटून येतो. थोडक्यात, संगणकाला नवे पैसे जमत नाहीत, आणे-पैसे जमतात. आजोबांच्या दुकानात तो छान रमला असता.

माझी स्वतःचीही एक फजिती कबूल करतो. जर्मनीतल्या पहिल्या नोकरीत दर आठवड्याला कामाचे तास दशांशात भरायचे होते. मी दोन तास पंचेचाळीस मिनिटांचे २,४५ भरत होतो. खरे हवे होते २,७५. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस साठांश, शंभरांश नव्हेत. दर नोंदीमागे अठरा मिनिटांचं काम फुकट! महिन्याभरानं लक्षात आलं. म्हणजे वहीत २,३४ लिहिणारी लेक कोणावर गेली, हे सांगायला नको.

आता शेवटचं, आणि ते बव्हेरियातल्या पालकांच्या जिव्हाळ्याचं. आमचा धाकटा चौथीत आहे. इथे मे महिन्याच्या सुरुवातीला चौथीच्या मुलांच्या हातात एक प्रमाणपत्र पडतं, आणि गुमनाजियुमसाठी त्यावर सरासरी २,३३ किंवा त्याहून चांगली लागते. रेआलशुलंसाठी २,६६. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा तिसरा विषय, या तीन विषयांच्या गुणांची ही सरासरी. १ सर्वांत चांगला, ६ सर्वांत वाईट. कित्येक घरांत हे दोन आकडे वर्षभर मंत्रासारखे घोकले जातात. २,३३! जणू शंभरात मोजलेली काही बारीक गोष्ट.

गेल्या आठवड्यात मी आणि बायको हाच आकडा घेऊन चिंतेत बसलो होतो, तर थोरली आली आणि कागदावर लिहून गेली: सात भागिले तीन, दोन पूर्णांक एक तृतीयांश. "बाबा, इथे छेद शंभर नाहीये, तीन आहे. तीन विषय." खरंच की! २,३३ म्हणजे बेरीज सात. दोन, दोन आणि तीन. २,६६ म्हणजे बेरीज आठ. मध्ये काहीच नाही, शतांश नाहीत, बारीकसारीक काही नाही. दोन पूर्णांक दोन तृतीयांश जवळच्या शतांशात लिहायचं तर २,६७ व्हायला हवं, पण इथे शेपूट कापून २,६६ म्हणतात. तो छेद दिसला आणि आमची अर्धी घालमेल कमी झाली. निकाल आमच्या हातात नाही, पण निदान काय मोजलं जातंय हे तरी कळलं: एका मुलाचे तीन विषय. शिवाय इथे पुढे जायच्या वाटाही एकाहून जास्त आहेत. रेआलशुलंतून किंवा मिटलशुलंतून पुढे शिकत विद्यापीठापर्यंत जाता येतं. आकडा सात झाला काय, आठ झाला काय, मूल तेच असतं.

रात्री आजीला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "धाकट्याला सांग, आता रोज एक पाढा. आधी पावकी." त्यानं विचारलं, "आजी, पावकी म्हणजे काय?" आणि साताऱ्याहून सुरुवात झाली: एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. चौथ्या ओळीला तो हसला, कारण छेद गेला होता आणि पूर्ण एक उरला होता.

तुमच्या घरी कोणाला अजून दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असेल, तर ती त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा. मुलांना ऐकवा, आम्हालाही पाठवा. पुढच्या एखाद्या भागात आपण सगळे मिळून ऐकू. तोपर्यंत घड्याळात 'ड्रायफिअर्टल ड्राय' वाजले, की पावणेतीनची आठवण ठेवा. नमस्कार.